परदेशी संशोधन-जाळ्याशी भागीदारी: पहिल्या टिपणापासून चालू लिंकपर्यंत

दोन देशांतल्या प्रयोगशाळांचा एकत्र प्रकल्प मंजूर झाला की नेटवर्कची आठवण सगळ्यात शेवटी होते. होते तीही एकाच वाक्यात: "आम्हाला जास्त बँडविड्थ लागेल." त्या वाक्यावर पत्रव्यवहार होतो, सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो निघतात, आणि काही महिन्यांनी संशोधक डेटा हार्डडिस्कवर भरून कुरिअरने पाठवत असतो. यात समुद्राखालच्या केबलचा दोष क्वचितच असतो. गडबड बहुधा दोन टोकांना असते. इकडच्या आणि तिकडच्या कॅम्पसमध्ये, राउटिंगच्या (डेटाने कोणती वाट धरायची हे ठरवणाऱ्या मांडणीच्या) दोन-चार ओळींत, आणि रात्री लिंक पडली तर फोन कोणी उचलायचा हे ठरलेलंच नसतं त्यात. म्हणून या लेखात केबलपेक्षा टोकांवर जास्त भर आहे.

विद्यापीठातला किंवा संशोधन संस्थेतला नेटवर्क विभाग, देशपातळीवरचं शैक्षणिक जाळं चालवणारे लोक, आणि हे सगळं जमवून आणण्याची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे ते प्राध्यापक, या तिघांसाठी हे लिहिलं आहे.

आधी रचना समजून घ्या

बहुतेक देशांत शिक्षण आणि संशोधनासाठी वेगळं राष्ट्रीय जाळं असतं. नेदरलँड्समध्ये सर्फ, कॅनडात कॅनरी, जपानमध्ये सायनेट, ब्राझीलमध्ये आरएनपी, ऑस्ट्रेलियात आर्नेट, ब्रिटनमध्ये जॅनेट, भारतात नॅशनल नॉलेज नेटवर्क. अमेरिकेत इंटरनेट२ १९९६ मध्ये सुरू झालं. ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळांचं ईएसनेट त्याच्याही दहा वर्षं आधीचं. राष्ट्रीय जाळ्यांच्या वर खंडपातळीवरच्या संघटना आहेत: युरोपात जिआंट, लॅटिन अमेरिकेत रेडक्लारा, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत उबुंटुनेट अलायन्स, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत वॅक्रेन. आशिया-पॅसिफिकमधल्या जाळ्यांचं एकत्र येण्याचं व्यासपीठ एपॅन, ते १९९७ पासून चालू आहे.

ही जाळी एकमेकांना भेटतात ती काही ठरावीक शहरांतल्या खुल्या विनिमय केंद्रांवर. शिकागोचं स्टारलाइट, अ‍ॅमस्टरडॅमचं नेदरलाइट, जिनिव्हाचं सर्नलाइट, न्यूयॉर्कचं मॅनलॅन, मायामीचं अ‍ॅमपाथ, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पॅसिफिक वेव्ह. यापैकी एका ठिकाणी तुमचं राष्ट्रीय जाळं पोचलेलं असेल, तर जगातल्या बऱ्याच विद्यापीठांपर्यंतचा रस्ता कागदावर तरी तयार आहे.

या साखळीला जागतिक पातळीवर कोणी मालक नाही. प्रत्येक कडी वेगळ्या संस्थेची, वेगळ्या पैशातून उभी राहिलेली, वेगळ्या कायद्याखालची. व्यापारी कंपनीकडून लिंक घेतली की तक्रार एका खिडकीवर करता येते. इथे पाच-सहा संस्थांच्या सद्भावावर काम चालतं. पुढच्या बऱ्याचशा पायऱ्या या एका गोष्टीमुळेच आल्या आहेत.

पायरी १: गरज लिहा, पण गिगाबिटमध्ये नको

संशोधकासमोर बसा आणि पाच प्रश्न विचारा. डेटा कुठून कुठे जातो? एका खेपेला किती? किती वेळात पोचला नाही तर काम अडतं? उशीर चालतो, की चढ-उतारही चालत नाही? आणि डेटा कोणाच्या मालकीचा आहे?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सहसा राहून जातो. चिलीतल्या सेरो पाचोनवरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेचं उदाहरण घ्या. तिथला ३.२ गिगापिक्सेलचा कॅमेरा एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट डेटा तयार करतो आणि तो कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत जातो. दहा तासांची रात्र धरून सरासरी काढली तर सेकंदाला साडेचार गिगाबिटसुद्धा लागत नाहीत. पण आकाशात काही बदललं तर त्याचा इशारा जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना छायाचित्र घेतल्यापासून ६० सेकंदांच्या आसपास मिळावा असा हेतू आहे. त्या मिनिटातच छायाचित्र खंड ओलांडून पोचायचं, जुन्या छायाचित्राशी ताडून बघायचं आणि इशारा बाहेर पडायचा. म्हणजे लिंक किती मोठी हवी हे एकूण डेटावरून ठरत नाही, मुदतीवरून ठरतं.

उलटंही घडतं. महिन्यातून एकदा १०० टेराबाइट पाठवायचे असतील आणि दोन दिवस लागले तरी चालत असेल, तर त्यासाठी स्वतंत्र सर्किट, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेली वाट, मागणं म्हणजे पैशाची उधळण. १० गिगाबिटची लिंक पूर्ण वापरता आली तर एवढा डेटा सव्वाबावीस तासांत जातो. प्रश्न "पूर्ण वापरता आली तर" या चार शब्दांचा आहे. तो पुढे येईलच.

शिक्षणाच्या प्रकल्पांत लेटन्सी, म्हणजे पोचायला लागणारा विलंब, बघा. इटलीत त्रिएस्तेच्या जुझेप्पे तार्तिनी संगीत महाविद्यालयाने तिथल्या गार या संशोधन-जाळ्याबरोबर लोला नावाची प्रणाली बनवली. वेगवेगळ्या शहरांतले वादक तिच्यावर एका तालात वाजवू शकतात. पण काचतंतूतून प्रकाश १,००० किलोमीटर जायला एका दिशेने ५ मिलिसेकंद घेतो, आणि दोन वादकांमधलं अंतर २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की ताल सुटायला लागतो. तेव्हा दोन खंडांतल्या विद्यार्थ्यांची जुगलबंदी प्रस्तावात लिहिली असेल तर ती आताच खोडा. व्याख्यान, परीक्षण, एकानंतर एक वाजवणं हे सगळं मजेत जमतं.

या पाच उत्तरांचं दोन पानी टिपण करा. करारात, निविदेत, तक्रारीत, सगळीकडे पुढे तेच कामाला येतं.

पायरी २: रस्ता आधीच आहे का ते बघा

नवी लिंक मागण्याआधी आपल्या सर्व्हरवरून भागीदाराच्या सर्व्हरपर्यंत ट्रेसराउट (डेटा वाटेत कोणत्या जाळ्यांतून जातो ते दाखवणारी आज्ञा) चालवा, आणि भागीदाराला उलट दिशेने चालवायला सांगा. दोन्ही दिशा लागतातच. जाणारा डेटा संशोधन-जाळ्यावरून आणि येणारा व्यापारी इंटरनेटवरून, हे इतकं नेहमीचं आहे की तसं नसेल तर नवल वाटावं.

ट्रेसराउटमध्ये राष्ट्रीय जाळं, मग खंडपातळीचं जाळं, मग समोरचं राष्ट्रीय जाळं अशी नावं दिसली तर लिंक आहे. अडचण दुसरीकडे शोधा. व्यापारी कंपन्यांचीच नावं दिसत असतील, तर कारण बहुधा साधं असतं: संशोधन विभागाचे आयपी पत्ते राष्ट्रीय जाळ्याला जाहीरच केलेले नाहीत, किंवा ते जाळं ते पुढे सांगत नाही. हे दोन ईमेलमध्ये सुटू शकतं. नवी लिंक आणायला दोन वर्षं लागतात.

शेजारच्या दोन देशांतला डेटा तिसऱ्या खंडाला वळसा घालून जातो आहे का, तेही बघा. आफ्रिकेत शेजारी देशांमधली वाहतूक वर्षानुवर्षं युरोपमार्गे फिरत होती, आणि उबुंटुनेट अलायन्ससारख्या संघटना उभ्या राहण्यामागचं ते एक मोठं कारण होतं. असा वळसा दिसला तर मागणी लांबच्या लिंकची न करता जवळच्या पीअरिंगची (दोन जाळ्यांच्या थेट जोडणीची) करा.

पायरी ३: मोजा, आणि गळती शोधा

ही पायरी गाळली तर बाकीचं सगळं अंदाजपंचे ठरतं.

पर्फसोनार हे मोफत साधन संशोधन-जाळ्यांनीच एकत्र येऊन बनवलं आहे. ईएसनेट, जिआंट, इंटरनेट२ आणि इंडियाना विद्यापीठ हे त्याच्या मुख्य कर्त्यांपैकी. एक साधा सर्व्हर कॅम्पसच्या सीमेवर बसवा, शक्य झाल्यास दुसरा प्रयोगशाळेच्या आत. भागीदाराकडे बहुधा आधीच एखादा असतो. वाटेतल्या मोठ्या जाळ्यांचेही असतात, त्यामुळे रस्त्याचे तुकडे पाडून मोजता येतं: आपल्यापासून विनिमय केंद्रापर्यंत, तिथून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत, तिथून त्यांच्या कॅम्पसपर्यंत. वेग, एकदिशी विलंब आणि पॅकेटांची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) गळती, तिन्ही काही आठवडे सतत नोंदवा. एकदाच केलेल्या चाचणीला फारसा अर्थ नाही.

गळतीवर एवढा भर का, हे आकड्यांवरून समजतं. टीसीपी म्हणजे डेटा पोचल्याची खात्री करत पाठवण्याची नेहमीची पद्धत. तिच्या जुन्या प्रकाराचा वेग अंदाजे पॅकेटचा आकार भागिले जाण्या-येण्याचा वेळ, भागिले गळतीचं वर्गमूळ, असा निघतो. १०,००० पॅकेटांमागे फक्त १ गळतं आहे असं धरा. जाण्या-येण्याला १ मिलिसेकंद लागत असेल, म्हणजे दोन्ही सर्व्हर एकाच शहरात असतील, तर नेहमीच्या आकाराच्या पॅकेटांनी वेग सव्वा गिगाबिटच्या आसपास मिळतो. कोणाची तक्रार येत नाही. तेवढीच गळती १५० मिलिसेकंदांच्या आंतरखंडीय रस्त्यावर असेल तर वेग ८-९ मेगाबिटवर येतो. एक टेराबाइट जायला दहा-अकरा दिवस! मधली लिंक १० गिगाबिटची असो की १०० ची, फरक पडत नाही. आजच्या टीसीपीचे प्रकार यापेक्षा बरे वागतात, काही तर बरेच बरे, पण मूळ दुखणं तेच राहतं.

म्हणूनच "इथल्या इथे तर मस्त चालतं, परदेशी लिंकच खराब आहे" या वाक्यावर विश्वास ठेवू नये. ईएसनेटमध्ये एका राउटरच्या लाइनकार्डात २२,००० पॅकेटांमागे १ पॅकेट गळत होतं. राउटरच्या स्वतःच्या त्रुटी-नोंदींत त्याचा पत्ता नव्हता. सतत चालणाऱ्या मोजमापामुळेच ते पकडलं गेलं. कॅम्पसमधलं जुनं फायरवॉल, लहान बफरचा (डेटा तात्पुरता साठवायच्या जागेचा) स्वस्त स्विच, मळलेला काचतंतूचा जोड, हे या खटल्यातले नेहमीचे आरोपी. त्यांच्या चुकांचं बिल समुद्रातल्या केबलच्या नावावर फाडलं जातं.

पायरी ४: आपलं टोक आधी दुरुस्त करा

भागीदाराकडे जाण्याआधी हे करावं असं माझं ठाम मत आहे. परदेशी अभियंत्याला पहिल्याच बैठकीत स्वच्छ मोजमाप दाखवता आलं की पुढचं बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं.

मोठा डेटा हलवणारे सर्व्हर कॅम्पसच्या सर्वसाधारण फायरवॉलमागे ठेवू नका. ईएसनेटने मांडलेली सायन्स डीएमझेड नावाची रचना याच कामाची आहे: कॅम्पसच्या सीमेजवळ एक छोटा वेगळा भाग, तिथे फक्त डेटा हलवणारे सर्व्हर, आणि संरक्षणासाठी राउटरमध्येच कोणत्या पत्त्याला कोणत्या पोर्टवर येऊ द्यायचं याचे नेमके नियम. सुरक्षा विभाग सुरुवातीला विरोध करतो. त्यांना फायरवॉल काढून टाकतो आहोत असं सांगू नका, कारण तसं आपण करतच नाही. हजारो लॅपटॉपांसाठी बनवलेलं उपकरण चार सर्व्हरांच्या वाटेतून बाजूला घेतो आहोत, आणि त्या चार सर्व्हरांवर ईमेल, ब्राउझर काहीही चालणार नाही, हे लिहून द्या.

त्या सर्व्हरांचे बफर वाढवा. १० गिगाबिट वेग आणि १५० मिलिसेकंद फेरी असेल तर रस्त्यात एका क्षणी सुमारे १८८ मेगाबाइट डेटा असतो. एकाच प्रवाहातून पूर्ण वेग हवा तर टीसीपीचं बफर किमान तेवढं हवं. ऑपरेटिंग सिस्टिमची मूळ मांडणी त्याच्या जवळपासही नसते. शिवाय साध्या एससीपी या आज्ञेने आंतरखंडीय फाइल पाठवू नका, त्याचं स्वतःचं अंतर्गत बफर आड येतं. ग्लोबस, एक्सरूटडी किंवा अनेक प्रवाह एकत्र चालवणारं दुसरं साधन घ्या.

पॅकेटचा आकार १,५०० वरून ९,००० बाइटवर नेला तर वरच्या सूत्राने वेग सहापट होतो. मात्र तो आकार पूर्ण रस्त्यावर चालला पाहिजे. मध्येच कुठेतरी १,५०० असेल आणि कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली "पॅकेट फार मोठं आहे" असं कळवणारे आयसीएमपी संदेश बंद केले असतील, तर पिंग चालतं, लॉगिन होतं, आणि फाइल पाठवायला घेतली की सगळं गोठतं. हे लक्षण ओळखून ठेवा, आठवडे वाचतील.

पायरी ५: भागीदारीचा प्रकार निवडा

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे दोन जाळ्यांमधलं आयपी पीअरिंग. दोघं एकाच विनिमय केंद्रावर असतील तर एक जोडणी आणि बीजीपीच्या (जाळी एकमेकांना आपले रस्ते सांगतात त्या पद्धतीच्या) काही ओळी, एवढ्यावर भागतं. दहापैकी नऊ गरजा इथेच संपतात असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा, अनेक देशांतल्या ठरावीक संस्थांचं बंदिस्त आभासी जाळं. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरसाठी दोन आहेत: सर्न ते पहिल्या फळीची संगणन केंद्रं एवढ्यासाठी एलएचसीओपीएन, आणि पुढच्या शेकडो विद्यापीठांसाठी एलएचसीवन. बंदिस्त असल्यामुळे सहभागी संस्था एकमेकांवर थोडा जास्त भरवसा ठेवून फायरवॉलबाहेरून डेटा घेऊ शकतात. पण हे चालवायला समिती, नियम, सदस्यांची यादी, सगळं लागतं. दोन-तीन संस्थांच्या प्रकल्पासाठी हा संसार मांडू नका.

तिसरा, दोन टोकांमधलं स्वतंत्र सर्किट. विलंबात चढ-उतार अजिबात नको असेल किंवा नेटवर्कवरच संशोधन करायचं असेल, तर हे घ्या. विनिमय केंद्रांची ऑटोगोल ही व्यवस्था अशी सर्किटं आपोआप जोडून देते. प्रतिष्ठेसाठी घेतलेली सर्किटं मात्र रिकामी पडून राहतात.

चौथा प्रकार लोक विसरतात. त्यात लिंक लागतच नाही, म्हणून त्याला वेगळी पायरी.

पायरी ६: ओळख-सेवांपासून सुरुवात करा

एड्युरोम आणि एड्युगेन या दोन सेवा म्हणजे आंतरराष्ट्रीय भागीदारीचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दिसणारा भाग.

एड्युरोमची कल्पना २००२ मध्ये नेदरलँड्सच्या सर्फनेटमधून, म्हणजे आताच्या सर्फमधून, आली. आता ती १०० हून जास्त देशांत चालते. पाहुणा प्राध्यापक कॅम्पसवर येतो, लॅपटॉप उघडतो, वायफाय आपोआप जोडलं जातं. यजमान विद्यापीठ त्याची चौकशी रेडियस (ओळख तपासणाऱ्या) सर्व्हरांच्या साखळीतून त्याच्या मूळ विद्यापीठाकडे पाठवतं आणि "हा आमचाच" असं उत्तर आलं की दार उघडतं. नीट मांडणी असेल तर पासवर्ड यजमानाला दिसतसुद्धा नाही. "नीट" म्हणजे काय? उपकरणाने मूळ विद्यापीठाच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं पाहिजे. वापरणाऱ्यांनी हाताने जोडणी केली की ही तपासणी राहून जाते, आणि कोणीही खोटा वायफाय उभारून पासवर्ड गोळा करू शकतो. म्हणून एड्युरोम कॅट किंवा गेटएड्युरोम या साधनांनीच मांडणी होईल असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

एड्युगेन हेच काम वेबवरच्या सेवांसाठी करतं. भागीदाराचं डेटा-भांडार, संगणन-केंद्र, अभ्यासक्रमाचं पोर्टल, सगळीकडे आपल्याच विद्यापीठाच्या खात्याने शिरता येतं. त्यासाठी देशाचा ओळख-महासंघ (एकमेकांच्या लॉगिनवर भरवसा ठेवणाऱ्या संस्थांची संघटना) एड्युगेनचा सदस्य हवा आणि विद्यापीठ त्या महासंघात हवं. इथला नेहमीचा घोटाळा असा: लॉगिन यशस्वी होतं आणि सेवा तरीही आत घेत नाही, कारण आपल्या विद्यापीठाने नाव, ईमेल, संस्थेतलं स्थान ही माहिती पुढे पाठवलेलीच नसते. संशोधन आणि विद्वत्तेच्या सेवांसाठी रेफेड्स या ओळख-महासंघांच्या व्यासपीठाने ठरवलेला एक प्रकार आहे. त्या प्रकारातल्या सेवांना किमान माहिती आपोआप द्यायची, एवढा निर्णय घेतला की नव्वद टक्के कटकट मिटते. सुरक्षा घटनेत कोणी कोणाला कळवायचं यासाठीची सिर्टफाय ही चौकटही स्वीकारून टाका, मोठी संगणन-केंद्रं ती मागतातच.

पायरी ७: पैसा

आंतरखंडीय क्षमता तीन प्रकारे मिळते: वार्षिक भाड्याने, केबलच्या आयुष्याइतक्या दीर्घ वापरहक्काने, किंवा केबलमधल्या प्रकाशपट्ट्यातला वाटा विकत घेऊन. दीर्घ वापरहक्क बहुधा १५ ते २० वर्षांचा असतो. सुरुवातीला मोठी रक्कम, नंतर देखभालीचा वार्षिक खर्च. युरोप आणि लॅटिन अमेरिका जोडणारा बेला हा प्रकल्प याच दिशेने गेला. पोर्तुगालमधलं सिनेश आणि ब्राझीलमधलं फोर्तालेझा जोडणारी एलालिंक केबल २०२१ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यात संशोधन-जाळ्यांचा दीर्घकाळाचा हिस्सा आहे.

एकट्याने विकत घेण्याआधी वाटून घेता येईल का ते बघा. २०१३ मध्ये अटलांटिक ओलांडणारी संशोधन-जाळ्यांची पहिली १०० गिगाबिट लिंक उभी राहिली ती इंटरनेट२, कॅनरी, ईएसनेट, नॉर्ड्युनेट (नॉर्डिक देशांचं जाळं), सर्फनेट आणि जिआंट या सहा जणांनी मिळून. लंडन आणि सिंगापूर जोडणारी २०१९ ची १०० गिगाबिट लिंकही अशीच अनेकांच्या वर्गणीतली. त्याहून चतुर प्रकार म्हणजे अदलाबदल: तुमची लिंक पडली तर माझ्या लिंकवरून जा, माझी पडली तर मी तुमच्यावरून. यात पैसा हलत नाही, फक्त दोघांनी आपली क्षमता थोडी मोकळी ठेवायची.

अंदाजपत्रकात या गोष्टी हमखास राहतात: केबल-स्टेशनपासून शहरापर्यंतचा जमिनीवरचा तुकडा, विनिमय केंद्रातल्या दोन रॅकमधली जोडणी आणि तिचं मासिक भाडं, परदेशी इमारतीत ठेवलेल्या उपकरणाला हात लावायला लागणारा स्थानिक माणूस, आणि आयात कर. शेवटचा प्रश्न असा की प्रकल्पाचं अनुदान संपल्यावर लिंकचं काय? लॅटिन अमेरिकेत २००३ पासून सुमारे दहा वर्षं अ‍ॅलिस आणि अ‍ॅलिस२ या युरोपीय मदतीच्या प्रकल्पांवर जाळं वाढलं, आणि त्यानंतर सदस्य देशांच्या वर्गणीवर ते उभं राहावं लागलं. अनुदानाच्या पहिल्याच वर्षी सदस्य-वर्गणीचा तक्ता बनवायला घ्या.

पायरी ८: करार

सामंजस्य करार दोन पानांचा असू द्या, सह्या करणाऱ्यांसाठी. खरं काम त्याला जोडलेल्या तांत्रिक परिशिष्टात. त्यात काय हवं?

कोणत्या वापराला परवानगी, हे पहिलं. काही जाळ्यांवर व्यापारी वापराला मनाई असते, काहींवर औद्योगिक भागीदार चालतात. विद्यापीठाच्या आवारातली नवउद्योग कंपनी ही लिंक वापरू शकते का, याचं उत्तर आधीच लिहून ठेवा. मग प्रत्येकाची हद्द नेमक्या उपकरणापर्यंत आणि पोर्टपर्यंत. मग दोन्हीकडच्या चोवीस तास चालणाऱ्या नियंत्रण कक्षांचे संपर्क, व्यक्तींच्या नावाने न देता पदाच्या नावाने, कारण माणसं नोकऱ्या बदलतात. नियोजित देखभालीची सूचना किती दिवस आधी, आणि वेळ कायम यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. एकाची मध्यरात्र दुसऱ्याची भर परीक्षेची सकाळ असते. मोजमापाचे आकडे एकमेकांना उघडे राहतील हेही लिहा. पुढे वाद झाला तर तेच पुरावा असतात.

डेटात माणसांची माहिती असेल, विशेषतः आरोग्याची, तर नेटवर्कचा करार पुरत नाही. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा डेटा युरोपाबाहेर नेण्यावर अटी घालतो, आणि इतर देशांचेही कायदे आहेत. काही तंत्रज्ञानावर निर्यात-निर्बंध असतात. हे विधी विभागाचं काम, पण त्यांना ते सुचणार नाही. तुम्हीच आठवण करून द्यायची.

पायरी ९: राउटिंग

लिंक दिवा लावून बसते आणि तिच्यावरून काहीच जात नाही, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो. कारणं ठरलेली असतात.

संशोधन-जाळ्याकडून शिकलेल्या रस्त्यांना व्यापारी रस्त्यांपेक्षा वरची पसंती द्या, दोन्हीकडे. पण पॅकेट पाठवताना राउटर आधी जास्त नेमका पत्ता-गट बघतो, पसंती फक्त सारख्या गटांमध्ये चालते. कॅम्पसने राष्ट्रीय जाळ्याला /१६ चा मोठा गट जाहीर केला आणि व्यापारी पुरवठादाराला त्यातलेच /२४ चे तुकडे, तर समोरच्याने कितीही पसंती दिली तरी डेटा व्यापारी वाटेनेच येईल. दोन्हीकडे सारखेच गट जाहीर करा. पसंतीही डोळे मिटून नको. कधी कधी संशोधन-जाळ्याचा रस्ता दोन महासागर ओलांडून जातो आणि व्यापारी रस्ता सरळ असतो. अशा वेळी त्या भागीदारापुरता अपवाद करा.

आरपीकेआय नोंदी (कोणता पत्ता-गट कोणत्या जाळ्याने जाहीर करायचा याच्या सही केलेल्या नोंदी) आधी तपासा. नोंद एका एएस क्रमांकाची (जाळ्याच्या ओळख क्रमांकाची) आणि जाहिरात दुसऱ्याची असेल, तर पडताळणी करणारी जाळी तुमचा रस्ता गुपचूप टाकून देतील. समोरच्याकडून येणाऱ्या पत्त्यांना गाळणी लावा, खोट्या उगम-पत्त्याची पॅकेटं बाहेर जाऊ देऊ नका. २०१४ पासूनचा मॅनर्स हा राउटिंग-सुरक्षेचा उपक्रम हेच सांगतो, आणि अनेक संशोधन-जाळी भागीदाराकडून त्याची अपेक्षा ठेवतात.

पायरी १०: चालू ठेवणं

पहिल्या महिन्यात लिंक मुद्दाम पाडा. दोन्हीकडच्या अभियंत्यांना आधी सांगून, शांत वेळी. पर्यायी रस्ता उचलतो का, किती सेकंदांत, आणि परत आल्यावर सगळं जागेवर येतं का, हे खऱ्या अपघाताआधी कळलं पाहिजे.

पर्याय विकत घेताना विक्रेत्याचं नाव न बघता केबलचं नाव, ती किनाऱ्याला लागते ती जागा आणि जमिनीवरचा मार्ग विचारा. दोन वेगळ्या कंपन्या एकाच केबलमधली क्षमता विकत असतात. केबल वेगळ्या असल्या तरी समुद्रतळ एकच असू शकतो: २६ डिसेंबर २००६ च्या तैवानजवळच्या भूकंपाने एका फटक्यात अनेक केबल तोडल्या, मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याजवळ वॅक्स, मेनवन, एस आणि सॅट-३ या चारही एकदम बंद पडल्या, त्याआधी फेब्रुवारीत तांबड्या समुद्रातल्या तीन तुटल्या होत्या. दुरुस्तीचं जहाज पोचून काम पूर्ण व्हायला आठवडे लागतात, आणि परवानगीचा किंवा युद्धाचा प्रश्न असेल तर महिने.

दर तीन महिन्यांनी दोन्हीकडचे अभियंते आणि किमान एक संशोधक यांची तासाभराची बैठक ठेवा. संशोधक हवाच. आलेखात सगळं हिरवं असतं आणि विद्यार्थी रात्रभर तुटलेली फाइल पुन्हा पाठवत असतो, हे फक्त त्यालाच माहीत असतं. पायरी १ मधलं दोन पानी टिपण बैठकीत उघडा आणि बदललेल्या गोष्टी त्यात लिहा.

करार संपायच्या एक वर्ष आधी नूतनीकरणाची चर्चा काढा, कारण निविदा, मंजुरी आणि बसवणी यांत तेवढा वेळ जातोच. बंद करायचं ठरलं तर क्रम असा ठेवा: आधी वापरणाऱ्या गटांना लेखी कळवा, मग रस्त्याची पसंती हळूहळू खाली आणा, काही आठवडे दुसऱ्या वाटेवरची गळती मोजा, त्यानंतर बीजीपी सत्र बंद करा. आणि परदेशी रॅकमधलं उपकरण परत मागवायचं की तिथल्या जाळ्याला देऊन टाकायचं हे लेखी ठरवा, नाहीतर त्या जागेचं भाडं पुढची कित्येक वर्षं चालू राहतं.